पाळीव मर

त्या संशोधन केंद्रात दोघी बहिणी नोकरीला होत्या. थोरली टोमॅटोची झाडं जगवायची, धाकटी ती मारायची, आणि पगार दोघींचा एकाच तारखेला व्हायचा. थोरलीच्या दारावर ‘वाण विकास’ अशी पाटी होती, धाकटीच्या दारावर ‘वनस्पती रोग’. दोन दारांच्या मध्ये व्हरांडा आणि व्हरांड्यात हात धुवायचं बेसिन. धाकटीच्या खोलीतून थोरलीच्या खोलीत जाणाऱ्याने हात धुतलेच पाहिजेत, असा नियम होता. उलट दिशेने जाणाऱ्याला नियम नव्हता. यावरून केंद्रातले लोक दोघींच्या स्वभावाबद्दल काय बोलतात हे दोघींनाही ठाऊक होतं. थोरलीला ते पटायचं आणि धाकटीला त्याचं काही वाटायचं नाही.

काम असं चालायचं. थोरलीने नवं वाण तयार केलं की त्याची रोपं धाकटीकडे यायची. धाकटी त्यांची मुळं कात्रीने जराशी दुखवायची आणि वरून मर रोगाचे जिवाणू कालवलेलं पाणी ओतायची. मर हा रोग फार उतावळा. सकाळी हिरवंगार असलेलं झाड दुपारी मान टाकतं. पान पिवळं पडायचीसुद्धा वाट बघत नाही. जिवाणू मुळातून खोडात शिरतो, तिथे चिकट लाळ सोडतो आणि झाडाच्या पाण्याच्या नळ्या तुंबवतो. पाय ओल्या मातीत असताना झाड तहानेने मरतं. शहरातल्या नळाला पाणी न येण्याची कारणं वेगळी असतात, पण नळाखाली बादली घेऊन उभ्या असलेल्या माणसाची मुद्रा साधारण तशीच असते.

वर्षानुवर्षं थोरलीची रोपं माना टाकत राहिली. मग एक वाण असं निघालं की धाकटीने काहीही ओतलं तरी ते ढिम्म. केंद्रातल्या माळ्याने त्याला ‘दगड्या’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. त्याला एक लांबलचक सरकारी क्रमांकही होता, पण तो फक्त साहेब वापरायचे आणि तेही चुकीचा. दगड्याच्या नादात थोरलीचे केस पांढरे झाले, गुडघे बोलू लागले, आणि दोन-तीन बरी स्थळं ‘या मुलीच्या डोक्यात टोमॅटो आहेत’ असं म्हणून परत गेली. ते खरंच होतं. तीन महिन्यांनी वाण मंजूर करणारी समिती बसणार होती, त्याच्या पुढच्या महिन्यात थोरली निवृत्त होणार होती. एवढं एक झालं की आपण सुटलो, असं ती म्हणायची. बियाण्याच्या पिशव्यासुद्धा शिवून आल्या होत्या.

चाचणीत दगड्याच्या शेजारी एक जुनं नाजूक वाण लावायची पद्धत होती. ते मेलं पाहिजे. ते मेलं की समजायचं, ओतलेला जिवाणू जिवंत होता आणि दगड्या खरोखरच पास झाला. या वाणाला ‘रडूबाई’ म्हणत. रडूबाईने केंद्राला कधीच निराश केलं नाही. शेजारी कुणी मोठ्याने शिंकलं तरी ती मान टाकेल अशी तिची ख्याती होती. आणि सगळ्या परीक्षा घेणारा तो जिवाणू म्हणजे ‘आजोबा’. केंद्र सुरू झालं तेव्हा एका बरबाद झालेल्या शेतातून त्याला आणलं होतं. तेव्हा त्याचा दरारा होता म्हणे.

त्या सकाळी मळेवाल्या मावशी गोणी घेऊन आल्या. मंजुरीआधी दगड्याची लागवड ज्यांच्या शेतात करून बघितली होती, त्यांतल्या या एक. गोणी त्यांनी व्हरांड्यात, बरोबर बेसिनखाली, ओतली.

“बाई, तुमचा दगड्या गेला.”

“गेला म्हणजे?” थोरली बाहेर आली.

“गेला म्हणजे गेला. आमच्या ह्यांनीसुद्धा जायची एवढी घाई केली नव्हती.”

थोरलीने एक झाड उचललं, उलटंसुलटं केलं. “पाणी जास्त झालं असेल मावशी. तुमचं खालच्या अंगाचं शेत.”

“पाणी जास्त झालं तर खालच्या वाफ्यातलं मरेल. वरच्यातलं का मेलं? मला विचाराल तर तुमचं बी बदललं. दगड्या सांगून दुसऱ्याच कुणाचं पोर माझ्या गळ्यात बांधलंत.”

“माझं बी बदलत नाही!” थोरलीचा आवाज असा चढला की आतून साहेबांचा शिपाई डोकावून गेला.

धाकटी पेलाभर पाणी घेऊन आली. तिने एका झाडाचं खोड तिरकं कापलं आणि कापलेलं टोक पाण्यात धरलं. तिघी वाकून बघत राहिल्या. जरा वेळाने खोडातून एक पांढरा धागा निघाला आणि वळसे घेत खाली उतरू लागला. विझवलेल्या मेणबत्तीचा धूर उलटा निघावा तसा.

“अगं बाई, दूध निघतंय की!” मावशी म्हणाल्या.

ते दूध नव्हतं. मर असली की खोडातून जिवाणूंची लाळ अशीच उतरते. दोघी बहिणींना ते कळत होतं.

“पेला धुतला होतास का?” थोरलीने विचारलं.

“धुतला होता.”

“परत धू.”

धाकटीने परत धुतला. दुसरं खोड कापलं. धागा याही वेळी निघाला, उलट जरा जाडच. थोरली आपल्या खोलीत निघून गेली. हात न धुता गेली, पण त्या दिवशी तिला टोकायची हिंमत कुणाला झाली नाही.

धाकटीने ती लाळ काचेच्या प्लेटमध्ये जिवाणूंच्या खाद्यावर पसरली आणि वाढायला ठेवली. पुढे प्लेट उघडली तेव्हा तिला पहिल्यांदा वाटली ती लाज. कुणीतरी घाईत दही सांडून पुसायला विसरावं तसा प्रकार होता. पांढरट, ओघळलेले, एकमेकांच्या अंगावर गेलेले डाग. एका कोपऱ्यात मात्र काही लहान, गोल, लालचुटूक ठिपके शहाण्या मुलांसारखे बसले होते. सवयीने तिची तारेची कडी त्या कोपऱ्याकडे गेली.

ही सवय जुन्या सरांची. धाकटीच्या आधी ही खोली त्यांच्याकडे होती. माणूस देवमाणूस, पण नीटनेटकेपणाचं वेड. पेन्सिलींची टोकं एकाच दिशेला, कपाटातल्या बाटल्या उंचीनुसार. आजोबांना जिवंत ठेवायचं तर दर महिन्याला त्यांना ताज्या खाद्यावर हलवावं लागे. जुन्या प्लेटमधला एखादा ठिपका उचलायचा आणि नव्या प्लेटमध्ये पसरायचा. कोणता उचलायचा? सर म्हणायचे, “सुबक, सुटा आणि गोल. ओघळलेला दिसला की समजावं, हात स्वच्छ नव्हते. टाकून द्या.” धाकटी त्यांची लाडकी विद्यार्थिनी होती. तिनेही पुढे सुबक, सुटा आणि गोलच उचलला.

कोपऱ्यातला ठिपका उचलता उचलता ती थांबली. मावशींच्या शेतातली झाडं मारली कुणी? या शहाण्या मुलाने, की त्या सांडलेल्या दह्याने?

एवढा साधा प्रश्न त्या खोलीत कधीच कुणी विचारला नव्हता. विचारायचं कारणच पडलं नव्हतं. रडूबाई दर वेळी मरत होती.

तिने रडूबाईची रोपं तीन ट्रेमध्ये लावली. एका ट्रेवर गोल ठिपका, एकावर सांडलेलं दही, एकावर आजोबा. दह्याच्या ट्रेमधली रडूबाई बघता बघता आडवी झाली. जणू कुणी मुळाखालून चादर ओढून घेतली. आजोबांच्या ट्रेमध्ये ती नेहमीप्रमाणे सावकाश, दोन्ही बाजूंना सवड देत, कोमेजत गेली. गोल ठिपक्याच्या ट्रेमध्ये तर रडूबाईने चक्क नवी पानं काढली.

धाकटी स्टुलावर बसली आणि तिच्या डोळ्यांसमोर अख्खी हकीकत उलगडली. झाडाच्या नळ्या तुंबवते ती लाळ. लाळ सोडणारे ठिपके ओघळतात. ओघळलेले आपण गलिच्छ म्हणून फेकत आलो. म्हणजे दर महिन्याला या खोलीने खुन्यांना कामावरून काढलं आणि सभ्य माणसांना बढती दिली. शिवाय प्लेटवर जेवण वेळच्या वेळी समोर येतं. तिथे लाळ गाळत बसणारा मागे पडतो, न गाळणारा वाढतो. आजोबांना शिकारीची गरजच उरली नव्हती. त्यांची अवस्था कँटीन चांगलं असलेल्या कुठल्याही खात्यातल्या माणसासारखी झाली होती. अगदीच निरुपद्रवी नाही, रडूबाईला भारी पडतील एवढी धुगधुगी होती. पण दगड्या मरीला पुरून उरला नव्हता. तो आजोबांना पुरून उरला होता.

संध्याकाळी जेवताना तिने ते सांगितलं. दोघी बहिणी आणि आई, तिघींचंच घर. जेवताना रोगाविषयी बोलायचं नाही असा आईचा दंडक होता. तो रोजच मोडला जायचा.

“ताई, माझा जिवाणू मवाळ झालाय.”

“म्हणजे?”

“म्हणजे मी दगड्याची जी परीक्षा घेतली, ती परीक्षाच नव्हती.”

थोरलीने घास खाली ठेवला. “मग इतकी वर्षं तू माझ्या झाडांवर ओतत काय होतीस? सरबत?”

“जवळजवळ.”

“आणि हे तुला आत्ता कळलं? पिशव्या शिवून आल्यावर?”

“मावशी गोणी घेऊन आल्या म्हणून कळलं. नाहीतर कळलंही नसतं.”

“हिचं असंच,” आई म्हणाली. “लहानपणी तुझी बाहुलीसुद्धा हिनेच मोडली.”

“आई, ती बाहुली ताईने मोडली. आत काय आहे बघायला.”

“बाहुलीचं राहू दे गं!” थोरली ओरडली. मग आवाज उतरवून, एक-एक शब्द ठेवत म्हणाली, “एक शेत. एका शेतातला एक जिवाणू. तो वेडा निघाला म्हणून माझं झाड वाईट ठरतं? बाकीच्या शेतांतलं काय?”

यात चूक काही नव्हती. थोरलीच्या जागी धाकटी असती तर तिनेही हेच विचारलं असतं. “ठीक आहे,” ती म्हणाली. “सगळीकडचे आणते. तू चल बरोबर.”

थोरली खरंच गेली. आपल्या झाडाची बाजू मांडायला वकील हवा म्हणून गेली असावी. दोघींनी कालव्याकाठची शेतं पालथी घातली, वाळूची, टेकडीवरची. जिथे टोमॅटोने मान टाकली होती तिथलं खोड घ्यायचं, पेल्यात धरायचं, लाळ जमवायची. धाकटीने यातल्या प्रत्येक जिवाणूचं बिऱ्हाड वेगळं ठेवलं आणि त्यांची जनुकं वाचून घेतली. वाचून आलं ते कुठल्याही मोठ्या कुटुंबासारखं होतं. आडनाव सगळ्यांचं एक, पण भावकी अशी की एक दुसऱ्याच्या दारात उभा राहणार नाही. बरं, नात्यावरून स्वभाव ओळखावा तर तेही नाही. कालव्याकाठचे दोन जिवाणू सख्खे भाऊ म्हणावेत इतके सारखे; त्यातला एक रडूबाईला दमादमाने घेणारा, दुसरा पेटलेला. आणि टेकडीवरचा कुणाच्याच नात्यात बसेना, पण सगळ्यांत जहाल तोच.

“घराणं बघून काही कळत नाही म्हणायचं,” थोरली म्हणाली.

“आपल्याकडे बघूनही नाही कळत,” धाकटी म्हणाली. दोघी हसल्या, गोणी आली त्या दिवसापासून पहिल्यांदाच.

शेवटचं शेत मावशींचं होतं. वाफे उपटून मोकळे केले होते. मावशी बांधावर उभ्या.

“मावशी, बी खरंच होतं,” थोरली म्हणाली. “बदललेलं नव्हतं. आमच्याकडचा रोग खोटा निघाला.”

“माझ्याकडचा तर चांगला खरा होता हो.” मावशींनी हातातली काडी मोडली, टाकली. “बरं, जाऊ दे. पुढच्या हंगामाला काय लावू ते सांगा. तुम्ही सांगाल ते लावते.”

थोरलीने बसची वेळ झाल्याचं सांगितलं. परतीच्या बसमध्ये तिने दोघींची तिकिटं काढली. मग एवढंच म्हणाली, “मावशी भांडल्या असत्या तर बरं झालं असतं गं.”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोघींना बोलावलं. गोणीची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांना फक्त सगळ्यांनी खूश असावं असं वाटायचं, आणि त्यासाठी ते कुणाचंही नुकसान करायला तयार असत.

“आजोबांसमोर दगड्या पास झालाय ना? झालं तर मग. जिवाणू रागीटच पाहिजे असं नियमात कुठे आहे?”

“नियम करणाऱ्यांना ते गृहीत असावं साहेब,” धाकटी म्हणाली.

“आपण असं करू. पिशवीवर छापू, ‘सौम्य मरीसाठी उपयुक्त’.”

“आपल्या शेतातली मर सौम्य आहे की कडक, हे शेतकऱ्याला कसं कळणार?”

“झाडं मेली की कळेल,” साहेब म्हणाले, आणि आपण काही वावगं बोललो असं त्यांच्या चेहऱ्यावर अजिबात दिसलं नाही. मग ते थोरलीकडे वळले. “थोरल्या बाई, निवृत्तीच्या तोंडावर आहात. तुमच्या नावावर एक वाण असावं अशी माझी फार इच्छा आहे. जुने निकाल तसेच समितीसमोर ठेवू. धाकट्या बाई आपल्या नवीन अभ्यासाचं पुढच्या वर्षी सावकाश बघतील. बोला.”

धाकटीने बहिणीकडे बघितलं नाही. तिला वाटलं, आता ती ‘हो’ म्हणेल, आणि म्हणाली तर आपण काय करणार आहोत हे आपल्याला माहीत नाही. जिवाणूंबद्दल ती ठाम होती. ताईबद्दल नव्हती.

“विचार करून सांगते,” थोरली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी धाकटीच्या पॉलिहाऊसचं दार उघडलं आणि थोरली जुना एप्रन घालून आत आली. तिच्या मागे माळी, आणि माळ्याच्या हातगाडीवर दगड्याची रोपं. रांगोळीसारखी ट्रेमध्ये मांडलेली, एकाहून एक तजेलदार.

“आण तुझे सगळे गुंड,” ती म्हणाली.

“मी करते ताई. तू बाहेर बस.”

“मीच करणार. कात्री दे. कुठे लावायची?”

“जरा खाली. मुळाच्या बाजूला, खोडाला नको.”

आयुष्यभर झाडं जगवलेल्या हाताने थोरलीने एका एका रोपाची मुळं दुखवली. प्रत्येक रोपानंतर ती कात्री एप्रनला पुसत होती, तशी काही गरज नसताना. मग तिने ओतायला सुरुवात केली. या ट्रेवर वाळूतला, त्या ट्रेवर कालव्याकाठचे भाऊ, पलीकडे मावशींच्या शेतातला. टेकडीवरचा आला तेव्हा तिने बाटली उजेडात धरून बघितली. ढगाळ पाणी, त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं.

“एवढंसं?”

“एवढंसंच.”

त्यानंतर ती रोज यायची. हात मागे बांधून, रुग्णाला हात न लावणाऱ्या नातेवाइकासारखी ट्रेसमोर उभी राहायची. वाळूतल्या जिवाणूसमोर दगड्या नावाप्रमाणे उभा राहिला. भावांपैकी मवाळ भावालाही त्याने दाद दिली नाही. दुसऱ्या भावाच्या ट्रेमध्ये पहिल्यांदा पानांची टोकं लवली, मग देठ, मग सगळंच. मावशींच्या ट्रेमध्येही तसंच. टेकडीवरच्या ट्रेमध्ये तर हिरव्या कापडाचे बोळे पसरल्यासारखं दिसत होतं. त्यात काही मोजकी रोपं अजून उभी होती. का उभी होती, ते दोघींपैकी कुणालाच सांगता आलं नसतं. थोरलीने दगड्याचं बी कधी पूर्ण एकसारखं होऊ दिलं नव्हतं, हे एक कारण असू शकत होतं. नुसतं नशीब हेही असू शकत होतं.

“ती उभी आहेत त्यांच्या मुळांपर्यंत पोचलं नसेल नीट,” थोरली म्हणाली.

“तूच ओतलंयस.”

“म्हणून तर म्हणते.”

समितीच्या दिवशी मोठ्या टेबलाभोवती मंडळी बसली. साहेबांनी दगड्याचा क्रमांक चुकीचा वाचला आणि जुन्या निकालांची तारीफ केली. मग त्यांनी थोरलीला दोन शब्द बोलायला सांगितलं. थोरली उभी राहिली आणि तिने खरोखर जेमतेम तेवढेच वापरले.

“वाण परत घेते.”

टेबलावर पाण्याचे पेले हलले. एक वयस्क सभासद म्हणाले, “पण बाई, निकाल तर उत्तम आहेत.”

“निकाल उत्तम आहेत. आम्ही दगड्याची कुस्ती एका म्हाताऱ्याशी लावली होती आणि तो जिंकला. खऱ्या पैलवानांसमोर तो पडला. मी स्वतः पाडला.”

“म्हणजे रोग विभागाची चूक?”

धाकटी बोलायला उठत होती. थोरलीने तिच्याकडे न बघता हाताने बस म्हणून खूण केली. “झाड माझं आहे. पडलं ते माझं झाड. रोग विभागाने फक्त सांगितलं, आणि सांगायला उशीर केला नाही. मावशींच्या आधी कुणाला माहीत नव्हतं, नंतर कुणी लपवलं नाही.” मग ती म्हणाली, “आणि हे वाण परत घ्यायला माझी सही लागत असेल तर आत्ताच द्या. निवृत्तीनंतर मला या खोलीत यायचं नाही.”

साहेबांनी सहीला पेन दिलं. त्यांचा चेहरा पडला होता. सगळे एकाच वेळी नाराज झाल्याचा हा त्यांच्या कारकिर्दीतला पहिलाच प्रसंग असावा.

सभेनंतर दोघी पॉलिहाऊसमध्ये आल्या. टेकडीवरच्या ट्रेमधली ती मोजकी रोपं अजून उभी होती. त्यातल्या एकाला तर कळी धरली होती.

“ताई, यांचं बी धरू या,” धाकटी म्हणाली. “तुझ्या जागी जो येईल त्याला देईन मी. पुढच्यासाठी सुरुवात तरी झाली.”

“बी धर. पण आधी यांचे शेंडे कापून नवी रोपं कर, आणि त्यांच्यावर मावशींच्या शेतातला ओत. कालव्याकाठचाही.”

“बरं. एकेक करून बघते.”

“एकेक कशाला? सगळे एकत्र ओत. शेतात ते काय नंबर लावून येतात?”

“अगं, मरतील.”

“मरू देत.”

“इतकं सोसून उभी राहिलीत ताई. निदान फुलू देत तरी.” बोलून गेल्यावर धाकटीला स्वतःचंच नवल वाटलं. झाड वाचवा म्हणून कुणाची विनवणी करायची तिची ही पहिलीच वेळ होती.

थोरली हसली नाही. तिने कळी धरलेल्या रोपाचं एक पान उलटून बघितलं. “हे फुललं आणि कुणी मला परत विचारलं की काय लावू, तर मी काय सांगू? आत्ता मेलेलं परवडतं गं. मावशींच्या वाफ्यात मेलेलं नाही परवडत. जा, कुंड्या घेऊन ये.”

धाकटी कुंड्या आणायला गेली. थोरली एकटीच ट्रेसमोर राहिली. ती रोपांशी काही बोलली नाही. झाडांशी बोलणाऱ्या लोकांचा तिला पहिल्यापासून वैताग होता. तिने एप्रनच्या बाह्या वर केल्या, कात्री उघडली, आणि सगळ्यांत धडधाकट दिसत होतं त्या रोपाचा शेंडा कळीसकट उतरवला.